कामापुरता उजेड



वसंत व्याख्यानमालेत आपण संतवाङ्मय, इतिहास, राजकारण असे भारदस्त विषय ऐकत आला आहात. आजचा विषय त्या मानाने साधा आहे. आज बोलायचे आहे दिव्याविषयी. आणि हा दिवा म्हणजे ज्ञानदीप वगैरे काही नव्हे. तारेला जोडलेला, बटण दाबले की लागणारा, धूळ बसलेला तो दिवा. त्याच्याखाली माणूस दिवसाचे आठ-दहा तास काम करतो. त्या कामावर उजेड किती असावा, कोठून यावा आणि कसा असावा, एवढाच माझा प्रश्न आहे.

हा प्रश्न आपण सहसा विचारीतच नाही. घर किंवा दुकान बांधताना वायरमन विचारतो, "पॉइंट कुठं काढू?" आपण वर न पाहताच सांगतो, "मधोमध काढा." झाले! तो दिवा मग पुढची तीस-चाळीस वर्षे छताच्या मधोमध लोंबत राहतो, आणि भिंतीकडे तोंड करून बसलेला माणूस आपल्याच डोक्याच्या सावलीत काम करीत राहतो. दिवा त्याच्या पाठीवर प्रकाश पाडतो. पाठीला वाचता येत नाही, ही गोष्ट आपल्या लक्षात येत नाही.

खरे म्हणजे कोल्हापूरच्या माणसाला प्रकाशाविषयी काही सांगावे लागू नये. अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव आपण सर्वांनी पाहिला आहे. ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर ह्या दिवसांत मावळतीची किरणे महाद्वारातून आत शिरतात. पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी मध्यावर आणि तिसऱ्या दिवशी मुखावर येतात. ज्यांनी ते देऊळ उभारले त्यांनी सूर्य केव्हा, किती कललेला असतो आणि त्याची तिरीप किती खोल जाते ह्याचा हिशेब केला होता. वाटेत एखादी इमारत उंच झाली की किरण अडतो, हेही आपण पाहिले आहे. देवाच्या बाबतीत ही गोष्ट लगेच ध्यानात येते. शेजाऱ्याची भिंत आपल्या खिडकीसमोर उभी राहिली म्हणजे मात्र आपण नुसता एक दिवा वाढवतो.

दुसरे उदाहरण बाबूराव पेंटरांचे. महाराष्ट्र फिल्म कंपनी ह्याच गावात निघाली. त्या काळी चित्रपटाचे काम सूर्याच्या भरवशावर चाले. ऊन प्रखर झाले की वर पांढरे कापड ताणायचे, ढग आले की थांबायचे. १९२३ सालच्या 'सिंहगड'मध्ये बाबूरावांनी कृत्रिम दिव्यांचा उपयोग केला, आणि भारतीय चित्रपटाच्या इतिहासात त्याची नोंद ह्या क्षेत्रातला आरंभ म्हणून होते. ते मुळात चित्रकार. चित्रकाराला दिवा किती मोठा आहे ह्यापेक्षा उजेड वस्तूवर कोणत्या अंगाने पडतो, सावली कोठे जाते, ह्याची काळजी अधिक. ही दृष्टी आपल्या गावात शंभर वर्षांपूर्वी होती. ती स्टुडिओतून कारखान्यात आणि गुजरीतल्या पेढीवर उतरली नाही, एवढेच.

आता मोजमापाकडे येतो. उजेड मोजण्याचे एकक आहे लक्स. एक चौरस मीटर जागेवर एक ल्युमेन प्रकाश पडला की तो एक लक्स. जुन्या पुस्तकांत फूट-कँडल सापडते. एक फूट-कँडल म्हणजे जवळजवळ पावणेअकरा लक्स. भर दुपारच्या उन्हात सुमारे एक लाख लक्स असतात. पौर्णिमेच्या चांदण्यात एक लक्ससुद्धा नसतो, त्याचा पाव भाग असला तरी पुष्कळ. आणि गंमत अशी की ह्या दोन्ही ठिकाणी आपल्याला दिसते! एवढ्या अफाट अंतराशी जुळवून घेणारे दुसरे यंत्र माणसाने अजून सहजासहजी बनवलेले नाही. परंतु ह्याच गुणामुळे डोळा हा उजेडाचा वाईट परीक्षक ठरतो. तो जुळवून घेतो आणि "चालले आहे" म्हणतो. तक्रार करते ती मान. संध्याकाळी दुखते ते कपाळ. उजेड कमी म्हणून माणूस कामावर वाकतो, वाकला की त्याची स्वतःचीच सावली कामावर पडते, आणि ती पडली म्हणून तो आणखी वाकतो.

डोळ्याची आणखी एक खोड आहे. शंभर लक्सचे एकशेदहा केले तर त्याला पत्ताही लागत नाही. सुमारे दीडपट झाल्यावर कोठे त्याला फरक जाणवतो. म्हणून आपल्या भारतीय मानकात, आय. एस. ३६४६ मध्ये, उजेडाच्या पायऱ्या २०, ३०, ५०, ७५, १००, १५०, २००, ३००, ५००, ७५० अशा चढत जातात. वीस लक्स म्हणजे समोरच्या माणसाचा चेहरा जेमतेम ओळखू येण्याइतका उजेड. जेथे माणूस सतत बसून काम करतो तेथे काम कितीही ढोबळ असले तरी दोनशेच्या खाली जाऊ नये, असे हे मानक सांगते. सर्वसाधारण कचेरीला त्यात ३००-५००-७५० असे तीन आकडे दिले आहेत. तीन का, हे समजून घेण्यासारखे आहे. मधला आकडा नेहमीसाठी. काम गडद रंगाचे असेल, चूक महागात पडणारी असेल, किंवा काम करणाऱ्याची नजर उतरलेली असेल तर वरचा घ्यायचा. काम क्वचितच होत असेल, घाईचे नसेल, वस्तू उजळ असेल तर खालचा. म्हणजे मानक लिहिणाऱ्यांनीही निर्णय आपल्यावर सोपवला आहे. आकड्याच्या आधी काम पाहायचे आणि माणूस पाहायचा.

म्हणून आपण गुजरीत जाऊ. कोल्हापुरी साज घडवणारा कारागीर काय करतो? पातळ पत्र्याचे ठसे उठवतो, पोकळ मण्यांत लाख भरतो, केसाएवढी तार वळवून तिला झाळ देतो. चंद्र, कमळ, मासोळी ही पाने बोटाच्या पेरापेक्षा लहान. त्यांतली रेघ कशी बारीक असेल ह्याची कल्पना करा. दागिने घडवण्याच्या कामासाठी युरोपातले मानक हजार लक्स मागते, आणि रत्ने बसवायची असतील तर पंधराशे. छताच्या मधोमध लोंबणाऱ्या दिव्यातून एवढे कसे मिळणार?

हिशेब करून पाहू. नऊ वॅटचा चांगला एल. ई. डी. दिवा सुमारे ९०० ल्युमेन देतो. तो सारा प्रकाश खालच्या अर्ध्या गोलात सारखा पसरला असे धरू. दिवा हातापासून दोन मीटर उंच असेल तर हातावर पस्तीस लक्सच्या आसपास पडतात. भिंती पांढऱ्या असतील तर त्यांच्याकडून परत येणारे थोडे वेगळे. आता तोच दिवा अर्ध्या मीटरवर आणा. अंतर चौथाई झाले, उजेड सोळापट झाला. साधारण पावणेसहाशे लक्स! वीज तेवढीच, दिवा तोच. वर पांढऱ्या आतल्या अंगाची टोपी बसवली तर हजाराच्या घरात जाणे अवघड नाही. अंतर दुप्पट की उजेड चौथाई, हा नियम शाळेत आपण सर्वांनी पाठ केलेला असतो. परीक्षेचा पेपर दिल्यावर तो तेथेच ठेवून येतो.

आमच्याआधीच्या कारागिरांना हे ठाऊक होते. युरोपात जुन्या काळी सोनार, चांभार आणि लेस विणणाऱ्या बायका पाण्याने भरलेला काचेचा गोळा दिव्यापुढे ठेवीत. एका ज्योतीचा प्रकाश त्या गोळ्यातून गोळा होऊन नेमका टाक्यावर पडे. आपल्याकडचा सोनार खिडकीशी बसे, तेही ह्याच कारणाने. त्याला आपण आत भिंतीकडे नेले, कारण दर्शनी जागा काचेच्या कपाटाला हवी होती. गिऱ्हाइकाला दागिना झगमगताना दिसतो आणि तो घडवणाऱ्याला तोच दागिना धड दिसत नाही, अशी आपल्या पेढ्यांची मांडणी झाली आहे. हे मला बरे वाटत नाही.

आणि ह्यात वयाचा प्रश्न आहे. आज मी बोलायला उभा राहिलो तो मुख्यतः ह्या एका गोष्टीसाठी. डोळ्यातले भिंग वयाबरोबर पिवळसर होते, बाहुली लहान राहते. विशीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत जितका प्रकाश पोहोचतो त्याच्या साधारण एक-तृतीयांशच साठीतल्या माणसाच्या पडद्यावर पोहोचतो. म्हणजे बाप आणि मुलगा एकाच दिव्याखाली बसले असले तरी दोघांना मिळणारा उजेड एक नव्हे. मुलाला जे स्वच्छ दिसते ते बापाला तिन्हीसांजेसारखे दिसते. पन्नाशी उलटली की कारागीर म्हणू लागतो, "आता नजर गेली, बारीक काम होत नाही." मग त्याला सोपी कामे देतात, मजुरी उतरते, आणि तीस-पस्तीस वर्षांत बोटांत साठलेली कला घरी बसते. त्याची नजर पूर्वीची राहिली नाही हे खरे; पण तिला तिप्पट उजेड आणि एक चष्मा दिला असता तर तो आणखी दहा वर्षे साज घडवू शकला असता की नाही, हे कोणी तपासून पाहत नाही.

चष्म्याविषयी एक पुरावा आहे. आसामातल्या चहाच्या मळ्यांत चाळिशी ओलांडलेल्या, जवळचे नीट न दिसणाऱ्या मजुरांना चष्मे देऊन एक अभ्यास झाला. तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. चष्मा मिळालेल्यांची पानतोडणी इतरांच्या मानाने सुमारे बावीस टक्क्यांनी अधिक वाढली. त्यांच्या कामाला उजेडाची वाण नव्हती, उघड्या आकाशाखालचे काम ते. तेथे चष्म्याने एवढे होते, तर अंधाऱ्या खोलीतल्या म्हाताऱ्या कारागिराला दोन्ही मिळाले तर काय होईल? डॉक्टरकडे जाऊन डोळे तपासून घ्यावेत हे मी गृहीतच धरतो. मोतीबिंदू दिव्याने जात नाही.

इटलीत रामात्सिनी नावाचे एक वैद्य होऊन गेले. १७०० साली त्यांनी कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला, त्यात बारीक काम करणाऱ्यांवर स्वतंत्र प्रकरण आहे. अधूनमधून काम खाली ठेवून नजर दुसरीकडे फिरवावी, हा त्यांचा सल्ला. सव्वातीनशे वर्षे झाली, आजचे डॉक्टर हेच सांगतात.

उजेड वाढवा एवढे सांगून मी बसलो तर मात्र आपली फसगत होईल. हुपरीला चला. तेथे चांदीचे काम. पैंजण झिलई होऊन आले की ते आरसाच होते, आणि त्या आरशात कारागिराला डोक्यावरचा दिवा दिसतो. लहान, उघडा, प्रखर दिवा असेल तर चांदीवर पांढरा ठिपका चमकतो आणि त्याच्या आसपासचे काहीच दिसत नाही. येथे लक्स वाढवले तर त्रास वाढेल. उपाय असा की दिव्यापुढे दुधी पत्रा किंवा साधा बटरपेपर लावून प्रकाशाचे तोंड रुंद करायचे आणि परावर्तन डोळ्याकडे न येता बाजूला जाईल असा दिवा सरकवायचा. उलट, चरा पडला आहे का हे शोधायचे असेल तर तोच उघडा दिवा अगदी तिरका धरावा. चरा लगेच चमकतो. एकाच माणसाला एकाच वस्तूसाठी दिवसातून दोन तऱ्हेचे उजेड लागतात. म्हणून सांध्यासांध्यांत वळणारा, हाताने हलवता येणारा दिवा हे कारागिराचे हत्यार आहे. हातोडी मालकाच्या सोयीच्या जागी खिळून ठेवली तर चालेल काय?

आणि काही ठिकाणी तर अंधारच हवा. चांदीला आच देताना ती मंद लाल झाली की थांबायचे असते. प्रखर उजेडात ती लाली दिसतच नाही, आणि दिसेपर्यंत डाग वितळून जातो. लोहाराचा भाता जुन्या काळापासून अंधाऱ्या कोपऱ्यात असे तो ह्याचसाठी. तेव्हा झाळ देण्याची जागा आडोशाला ठेवा, घडणीची जागा उजेडात ठेवा. सगळ्या खोलीत सरसकट हजार लक्स पाडणारा माणूस खर्चही करतो आणि कामही बिघडवतो. मात्र आसपासचा भाग अगदीच काळोखात ठेवू नये. कामावर जेवढा उजेड, त्याच्या निदान तिसरा हिस्सा शेजारी असावा. नाहीतर मान वर केली की डोळा काळोखात जातो, खाली घातली की उजेडात येतो, आणि ह्या येरझाऱ्यांनीच थकतो.

चपलेच्या कामाचे दुखणे ह्याच्या उलट आहे. बाभळीच्या सालीत कमावलेले तपकिरी कातडे, त्यावर वादीचा टाका, त्यावर वेणी. पांढरी भिंत आपल्यावर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ऐंशी टक्के परत देते. गडद कातडे दहाएक टक्के देते. पांढऱ्या कागदावर लिहिणाऱ्या कारकुनाला जो उजेड पुरतो तो कातड्यावर टाका घालणाऱ्या बाईला पुरणार नाही. प्रत्यक्षात कारकुनाच्या टेबलावर ट्यूब असते आणि ही बाई उंबऱ्याशी बसून दिवसाचा उजेड संपेपर्यंत हात चालवते. वेणी घालणे पुष्कळदा घरी, बायकांच्या हातून होते. १९४८ साली कारखान्यांचा कायदा झाला, त्याच्या सतराव्या कलमात पुरेसा व योग्य उजेड, खिडक्यांची आतून-बाहेरून स्वच्छ ठेवलेली काच, झगझगाट टाळणे, डोळ्याला ताण किंवा अपघात होईल अशी सावली पडू न देणे, हे सारे लिहिले होते. कलम उत्तम होते. पण त्या कायद्याची सत्ता कारखान्याच्या दारापर्यंत. जेथे यंत्र नाही आणि वीस माणसे नाहीत अशा घराच्या उंबऱ्यापर्यंत ती सहसा पोहोचलीच नाही. त्या घरी कातड्यावर तिरपा उजेड पाडणारा एक दिवा कोणी द्यायचा? माल घेणाऱ्या व्यापाऱ्याने द्यावा, असे माझे मत आहे. टाका सरळ आला तर फायदा त्याचाही आहे.

छपरांविषयी थोडे सांगतो. इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला आणि पुढे तेथे मागांचे नगर उभे राहिले. विणकामात तुटलेला धागा तत्काळ दिसला पाहिजे. पाचशे लक्स त्याला हवेतच. कापडगिरण्यांची छपरे करवतीच्या दात्यांसारखी असतात आणि काचा उत्तरेकडे असतात, हे आपण पाहिले असेल. ही कल्पना लँकेशायरकडची. तेथे मध्यान्हीचा सूर्य कधीच उत्तरेला जात नाही, म्हणून उत्तरेचा उजेड बारमाही शांत. आपण ती जशीच्या तशी उचलली. पण कोल्हापूर आहे साडेसोळा अंशांच्या थोडे वर. मेच्या पहिल्या आठवड्यात सूर्य आपल्या माथ्यावर येतो, सावली पायाखाली जाते, आणि मग ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तो दुपारी डोक्याच्या किंचित उत्तरेलाच असतो. सकाळ-संध्याकाळ तर मार्चअखेरपासूनच तो उत्तरेकडे झुकलेला. जून-जुलैत ढग आपल्याला वाचवतात. एप्रिल-मेमध्ये वाचवायला कोणी नाही. तेव्हा उत्तरेच्या खिडकीलाही आपल्याकडे पडवी किंवा झडप हवी.

उद्यमनगरातल्या यंत्रशाळेत एक निराळाच धोका असतो. विजेचा प्रवाह सेकंदाला पन्नास वेळा आवर्तन करतो, आणि जुन्या ट्यूबचा उजेड त्यामुळे सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतो. डोळ्याला ते दिसत नाही, पण फिरणाऱ्या लेथचा चक त्या लयीशी जुळला तर तो थांबल्यासारखा किंवा उलटा फिरल्यासारखा भासतो. माणूस हात पुढे करतो. ह्यासाठी शेजारच्या दिव्यांना वेगवेगळ्या फेजवर जोडावे, आणि यंत्राजवळ चांगल्या ड्रायव्हरचा एल. ई. डी. दिवा लावावा. स्वस्तातला एल. ई. डी. दिवाही असाच लुकलुकतो. मोबाइलचा कॅमेरा त्याच्यासमोर धरा. पडद्यावर पट्टे सरकताना दिसले तर तो दिवा लेथजवळ नको.

रंगाविषयी फार बोलत नाही, कारण महाद्वार रोडवर साडी घेताना ती दुकानाच्या पायरीवर आणून पाहणाऱ्या आमच्या भगिनींना ते माझ्यापेक्षा अधिक कळते. दिव्यांच्या खोक्यावर सी. आर. आय. असा आकडा असतो. साधा दिवा ऐंशीचा, रंग पारखण्याच्या कामाला नव्वदच्या वरचा घ्यावा. ऐंशीच्या दिव्यात गडद तांबडा रंग कच्चा पडतो, आणि माणिक नेमके त्याच रंगाचे.

काही कारखानदार मित्र ह्यावर अमेरिकेतला एक प्रयोग सांगतात. शिकागोजवळ हॉथॉर्नच्या कारखान्यात १९२४ ते १९२७ ह्या काळात दिवे कमीजास्त करून पाहिले. गोष्ट अशी सांगतात की उजेड वाढवला तरी उत्पादन वाढले आणि घटवला तरी वाढले. तेव्हा उजेडाला महत्त्व नाही, माणसांकडे लक्ष दिले की पुरे! मूळ आकडे पुढे पुन्हा शोधून तपासले गेले, त्याचा निबंध २०११ साली आला, आणि गोष्ट सांगतात तितकी ती खरी उतरली नाही. पण ती खरी धरली तरी माझा आक्षेप राहतोच. माणूस मंद उजेडात काम उरकू शकतो, ह्यात शंका नाही. त्याची किंमत तो डोळ्यांनी आणि मानेने भरतो, आणि उत्पादनाच्या वहीत त्या खर्चाला रकाना नसतो.

मग घरी जाऊन काय करायचे? लक्समीटर विकत मिळतो. मोबाइलवरही मोजता येते. तो आकडा अचूक नसतो, पण दोन जागांची तुलना करायला पुरतो. मोजताना यंत्र कामाच्या जागी ठेवा आणि स्वतः नेहमीसारखे बसा, म्हणजे आपली सावलीही मोजली जाईल. उजव्या हाताने काम करणाऱ्याला उजेड डावीकडून यावा. आधी चुना द्या, नंतर दिवे घ्या. आणि दिवे पुसा! नव्या दिव्यांचा हिशेब करतानाच जाणकार लोक पाचवा हिस्सा धूळ आणि झीज म्हणून वजा धरतात. ओतशाळेत तर त्याहून जास्त. वर्षानुवर्षे न पुसलेल्या ट्यूबखाली बसून आपण नवी ट्यूब घ्यायची चर्चा करतो.

राहिला खर्च. मघाचा तो नऊ वॅटचा दिवा रोज आठ तास हातापाशी जाळला तर एक युनिट वीज संपायला जवळजवळ चौदा दिवस लागतात. महिन्याला दोन युनिट आणि वर थोडे. दर प्रत्येकाच्या बिलावर छापलेला असतो. तो गुणाकार आपण घरी करावा, आणि घरात, पेढीवर, कारखान्यात पन्नाशीच्या पुढे गेलेला जो कोणी बारीक काम करीत असेल त्याच्या हातापाशी उद्या सकाळी जाऊन पाहावे. अध्यक्षांनी शंकांसाठी अर्धा तास राखून ठेवला आहे. त्यात मला अधिक गोडी आहे, म्हणून येथे थांबतो.